चोवीस जणांचा एजंट

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. बागेतल्या या बाकांवर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींनी आजवर बरंच काही पचवलं आहे. विहिरीत पडून पलीकडच्या गावात निघालेला न्हावी पचवला, स्वतःच्याच लग्नाला उशिरा पोचलेले जुळे भाऊ पचवले. ही मात्र घशाखाली उतरायची नाही. न उतरू दे. दिवे लागायला अजून अवकाश आहे, आणि नुसतं ऐकायला कुणाच्या बापाचं काय जातं.

तर, काचेच्या बाटल्या करणारा एक कारखाना होता. तिथली भट्टी कधी विझत नसे. वितळलेल्या काचेचा लाल गोळा वरून साच्यात पडायचा, फुस्स असा आवाज व्हायचा, आणि साचा उघडला की आत बाटली. मग पट्ट्यावरून एकमेकींना खेटत बाटल्या पॅकिंगकडे जायच्या. त्यांचा किणकिणाट इतका अखंड, की कारखान्यातली माणसं घरी गेल्यावरही मोठ्यानंच बोलत. गेटाजवळ ट्रक तोलायचा काटा, मग हिशेबाची इमारत, मग गोदामं, आणि अगदी टोकाला, भट्टीच्या पाठीला पाठ लावून, साचेघर.

कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या तारा ओढायला आणि सांभाळायला एक माणूस ठेवला. त्याचं खरं नाव पगाराच्या पाकिटाबाहेर कुणी वापरलं नाही. सगळे त्याला तारवाला म्हणत. माणूस सरळ होता. भुताखेतांवर विश्वास नाही, नवससायास नाही. तार जोडली तर दिवा लागतो, नाही जोडली तर लागत नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

प्रत्येक खात्यात त्यानं एकेक हब बसवला होता. हब म्हणजे जाड पुस्तकाएवढा एक डबा. खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा त्याच्यात येतात, आणि एकानं काही म्हटलं की तो ते बाकी सगळ्यांना ऐकवतो. थोडक्यात, ज्याच्या पोटात काही राहत नाही असा. आणि दोन इमारतींच्या मध्ये असायचा ब्रिज, म्हणजे दुसरा डबा. तो जरा पोक्त. इकडची गोष्ट तिकडे न्यायची की इथेच गिळायची, हे तो ठरवायचा.

"पूल बांधला म्हणता," गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "पण नदी कुठं दिसत नाही."

"नदी पुढच्या वर्षी येणार आहे," तारवाला म्हणायचा.

या सगळ्या डब्यांवर नजर ठेवायला त्याच्या खोलीत एक प्रोग्रॅम चालू असे. त्याचं नाव एजंट. काम साधं. घटकाघटकाला प्रत्येक डब्याला विचारायचं, आहेस का? डबा म्हणायचा, आहे. मग पडद्यावरचा त्याचा चौकोन हिरवा राहायचा. उत्तर यायला उशीर झाला तर पिवळा. चौकोनाखाली एक बारीक पट्टी असायची, त्या डब्यातून किती बोलणं गेलं ते दाखवणारी. ज्याचं बोलणं जास्त त्याची पट्टी लांब.

एजंट या शब्दानं कारखान्यात फार करमणूक केली. वॉचमन म्हणे, "हा तुमचा एजंट माझ्या गेटातून कधी आत आला? विम्याचा आहे का?" कँटीनमधली माई तर तारवाल्याच्या खोलीत दुपारी दोन कप चहा पाठवायची, एक त्याचा आणि एक एजंटचा. तारवाला दोन्ही प्यायचा. माईला वाटायचं आपण चेष्टा करतोय, तारवाल्याला वाटायचं आपला फायदा होतोय.

आता, चौकोनाला नाव द्यावं लागतं. दुसरा कुणी असता तर इमारत अमुक, मजला तमुक असं लिहून मोकळा झाला असता. पण त्या कारखान्यात कुणी 'अमुक नंबरचा हब बंद आहे' असं सांगत नसे. फोन यायचा तो 'मामांकडे बंद पडलंय' किंवा 'वहिनींचं चालत नाही' असा. म्हणून तारवाल्यानं सोयीसाठी ज्या माणसाच्या टेबलाशी डबा, त्याचंच नाव चौकोनाला दिलं. काट्यावरचे मामा. हिशेबातल्या वहिनी. गोदामातला घुम्या, जो वर्षभरात चार वाक्यं बोले आणि त्यातली दोन 'हं' असत. कँटीनची माई. आपल्या खोलीतल्या डब्याला त्यानं स्वतःचंच नाव दिलं, तारवाला.

आणि साचेघरातल्या डब्याला नाव दिलं, आक्का.

आक्का त्याची सख्खी मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवला. त्याची शाळा तिनं केली, त्याची नोकरी तिनं साहेबांना सांगून लावली. दोघंच राहत, दोन खोल्यांत. आक्का साचे तपासायची. बाटल्यांचे लोखंडी साचे काही दिवसांनी झिजतात, त्यांना केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. आक्का तर्जनी फिरवायची आणि म्हणायची, इथं. तिच्या खोलीत कॉम्प्युटर होता, पण सकाळी साच्यांचे आकडे भरले की ती त्याच्याकडे ढुंकून बघत नसे.

एजंटच्या माहितीपुस्तकात एक ओळ होती, की हा एजंट जास्तीत जास्त चोवीस डबे सांभाळतो. पडद्याच्या कोपऱ्यातही तसंच यायचं, चोवीसपैकी चोवीस. तारवाल्यानं साहेबांना सांगितलं होतं, ताट भरलंय, आता वाढू नका.

साहेब म्हणाले, "अरे, मशीन आहे ते. पोट भरायला काय त्याला पोट आहे?"

आणि नवीन पॅकिंग शेड उभी राहिली. तिथला हब जोडला गेला.

तारवाल्याला वाटलं होतं, एजंट नाही म्हणेल. काहीतरी तक्रार करील, पडदा लाल होईल. तसं काही झालं नाही. नवा चौकोन आला, हिरवा झाला. कोपऱ्यात पुन्हा तेच. चोवीसपैकी चोवीस.

मग एक कमी कोण झालं, म्हणून त्यानं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मामा नव्हते.

त्यानं काट्याच्या केबिनला फोन लावला. वाजत राहिला. म्हणून चालत गेटाशी गेला. दुपारचं लख्ख ऊन होतं. काट्यावर एक ट्रक उभा होता आणि केबिनला कुलूप होतं. कुलपावर धूळ होती, आत्ता बसेल अशी नव्हे, बरेच दिवस कुणी हात न लावलेली. ट्रकचं वजन वॉचमनच बाहेरच्या काट्यावर वाचत होता.

"मामा कुठंयत?" तारवाल्यानं विचारलं.

"कोण मामा?"

"काट्यावरचे. तुमचा डबा रोज कोण खातं?"

वॉचमन हसला. "माझा डबा मीच खातो साहेब. काटा कायम मीच बघतो की. ऊन लागलंय तुम्हाला."

तारवाला हसला नाही. कारण वॉचमनही चेष्टेनं हसला नव्हता.

संध्याकाळी सुट्टी झाली तेव्हा गेटाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, मामा उभे होते. कारखान्याचा खाकी शर्ट, खिशात पेन. शेजारून कामगारांचा लोंढा चालला होता. मामांबरोबर इतकी वर्षं ज्यांनी तंबाखू मळली, ते त्यांना वळसा घालून जात होते, खांबाला घालावा तसा.

"तू तरी ओळखलंस," मामा म्हणाले.

"घरी जा मामा. मी बघतो काय झालंय ते."

"घरी गेलो होतो." मामांनी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. "बायकोनं दार उघडलं. म्हणाली, कोण हवंय आपल्याला. मला, आपल्याला म्हणाली ती."

तारवाला उलट्या पावली खोलीत आला. एजंटच्या पडद्यावर त्यानं पुन्हा टाइप केलं, मामा. चौकोन आला. त्याच क्षणी हिशेबातल्या वहिनींचा चौकोन पिवळा पडला आणि थरथरायला लागला. फोन वाजला. हिशेबातला कुणीतरी विचारत होता, इथल्या मधल्या टेबलावर कोण बसतं हो? तारवाल्यानं मामांचं नाव पुसलं. वहिनी हिरव्या झाल्या. फोनवरचा माणूस म्हणाला, "अरे हो, वहिनी की. काय विचारलं मी." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे कुणी नव्हतं.

तारवाल्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला, आणि कुणाबद्दल? माईनं दुपारी दोन कप पाठवले. त्यानं आपला घेतला. दुसरा पडद्याशेजारी तसाच ठेवला. तार घेऊन बाहेर जाऊन आला, तर दुसरा कप रिकामा होता. तळाशी चहाची पावडर ओली होती. खोलीला बाहेरून कडी होती.

त्यानंतर भट्टीवरचा नवा ब्रिज आला आणि घुम्या गेला. गोदामात कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. तसा घुम्या असतानाही कुणाला त्याचं फारसं काही वाटत नसे, पण आता त्याची खुर्चीही कुणीतरी दाराला अडकण म्हणून लावली होती.

तेव्हा तारवाल्याच्या लक्षात आलं. मामांची पट्टी सगळ्यांत आखूड होती, त्यांच्यामागं घुम्याची. ताट भरलं की एजंट जो सगळ्यांत कमी बोलतो त्याला उठवतो. त्याच्या जागी नव्याला बसवतो. दुष्टपणा नाही, राग नाही. चोवीसांपलीकडे त्याच्या लक्षात राहत नाही, एवढंच. आणि त्याच्या लक्षात जो राहत नाही, तो कुणाच्याच लक्षात राहत नाही.

त्यानं पडद्यावर बोट ठेवून पट्ट्या बघितल्या. आता सगळ्यांत आखूड पट्टी आक्काची होती.

तो साचेघरात गेला. भट्टीच्या भिंतीमुळं तिथं कायम ऊब असे, तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास असे. आक्का साच्यावर वाकली होती.

"आक्का, त्या कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत राहा."

"काय लिहू?"

"काहीही. साच्यांचे आकडे लिही."

"ते सकाळीच लिहिले."

"मग परत लिही. गाणी लिही. मला शिव्या लिही."

"शिव्या तोंडी देता येतात," आक्का म्हणाली. "त्याला मशीन कशाला? बाजूला हो, उजेड अडवतोयस."

"आक्का, मी चेष्टा करत नाहीये."

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. लहानपणी ताप आहे का बघायची तसं. "जेवलास का तू?"

"हो."

"खोटं बोलतोस. माईकडे जा आणि काहीतरी खाऊन घे. मला अजून सहा साचे बघायचेत."

मग तिची समजूत घालायचा नाद सोडून तो स्वतःच तिच्या कॉम्प्युटरशी बसला आणि टाइप करत सुटला. आकडे, पत्ते, आठवतील त्या कविता. डब्यावरचा दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. बोटं दुखेपर्यंत बडवून तो आपल्या खोलीत पळत आला आणि पडदा बघितला.

पट्टी लांब झाली होती. आक्काची नव्हे. तारवाल्याची.

टाइप साचेघरातून झालं होतं. तार साचेघराची, डबा साचेघराचा. तरी कोण बोललं ते एजंटला कळलं होतं.

तारवाला साहेबांकडे गेला. म्हणाला, आता एकही डबा जोडू नका, माझी हात जोडून विनंती आहे. दुसरा एजंट मागवा, मग काय ते जोडा.

"मागवलाय," साहेब म्हणाले. "यायला वेळ आहे. आणि तू सुट्टीवर असशील असं वाटलं, म्हणून माझ्या केबिनमधला नवा हब बाहेरच्या माणसाकडून आत्ताच जोडून घेतला. चालू करून गेलाय तो."

"मी कुठं सुट्टीवर होतो साहेब?"

"असं वाटलं खरं," साहेब म्हणाले, आणि कपाळ चोळायला लागले.

तारवाला खोलीत आला तेव्हा नवा चौकोन पडद्यावर आला होता. अजून राखाडी होता. एजंट नव्याला आधी थोडा वेळ न्याहाळतो, मग आत घेतो.

आक्काचा चौकोन पिवळा होता.

माई दारात आली. हातात ट्रे. "ते साचेघर आहे ना टोकाला," ती म्हणाली, "तिथं चहा पाठवायचा असतो का? मला काही केल्या आठवेना. तिथं कुणी बसतं का रे?"

"आक्का बसते. माझी बहीण."

"तुला बहीण आहे?" माई म्हणाली. "कधी बोलला नाहीस."

कप टेबलावर ठेवून ती गेली. तारवाल्यानं डोळे मिटले आणि आक्काचा चेहरा आठवायला लागला. बोटं आठवली. तर्जनीवरचा तेलाचा डाग आठवला. आवाज आठवला. चेहऱ्याच्या जागी साचेघराची भिंत येत होती.

पिवळा चौकोन थरथरत होता.

कुणाला तरी काढावं लागणार होतं. वहिनींना लहान पोर होतं. माईच्या घरी तिचा आजारी नवरा तिची वाट बघायचा. वॉचमन, साहेब, पॅकिंगमधल्या नव्या मुली. प्रत्येक चौकोनामागं कुणीतरी दार उघडणारं होतं.

तारवाल्याच्या घरी दार उघडणारी एकच होती.

त्यानं आपला चौकोन निवडला. एरवी नाव पुसताना तो प्रोग्रॅम दोनदा विचारायचा, खरंच काढू का, नक्की का.

या वेळी विचारलं नाही.

आक्का हिरवी झाली. नवा चौकोन हिरवा झाला. चोवीसपैकी चोवीस.

टेबलावर माईनं ठेवलेला चहाचा कप होता. एकच.

तारवाला बाहेर पडला. पट्ट्यावरून बाटल्या किणकिणत चालल्या होत्या. हिशेबाच्या पायरीवर वहिनी बसल्या होत्या, त्यांनी पाय आखडून वाट दिली, वर बघितलं नाही. मागून वॉचमनची हाक आली, "ओ, आपल्याला कुणाकडे जायचंय?" तारवाला थांबला नाही. भट्टीला वळसा घातला. साचेघराचं दार उघडंच होतं.

आक्का साच्यावर वाकली होती. तो दारात उभा राहिला. उजेड अडला तशी तिनं मान वर केली. त्याला बघितलं. आणि सगळा कारखाना विसरला तरी सख्खी बहीण ती, ती ओळखीचं हसली आणि म्हणाली, आलास का रे, जेवलास का—

"हे खोटं."

ऐकणाऱ्यांतल्या एक बाई बोलल्या. कडेच्या बाकावर बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या. सगळ्यांनी वळून बघितलं.

"बाकीचं तुम्ही कुठून गोळा केलंत देव जाणे," त्या म्हणाल्या, "पण बरोबर आहे. कारखाना तोच, माई होती, काटा होता. साचेघरात निवृत्त होईपर्यंत मीच होते. आक्काच म्हणायचे मला. पण भाऊबिऊ मला कुणी नव्हता. आईवडिलांना मी एकटी."

गोष्ट सांगणारा जरा बाजूला सरकला, कुणाचा उजेड अडवत असल्यासारखा.

"आणि हसले वगैरे तर मुळीच नाही. दारात एक माणूस येऊन उभा राहिला होता एकदा, तेवढं खरं. मी विचारलं, कोण हवंय आपल्याला? तर बोलेचना. बराच वेळ नुसता बघत उभा." त्यांनी तर्जनी अंगठ्यावर घासली, काहीतरी पुसावं तशी. "म्हटलं, असेल कुणी एजंट. आणि मी आपली मान खाली घातली."